आईचा रकाना कुठे आहे?

"वंश, मिश्रवंश, काय हे खूळ? माणूस म्हणून जगा की!" परदेशी सुना-जावई आलेल्या आमच्या नातेवाइकांकडून हे वाक्य मी हल्ली वरचेवर ऐकते. वाक्य गोंडस आहे, पण ते म्हणणाऱ्याला फॉर्म भरताना स्वतः कधी अडखळावं लागलेलं नसतं. अडखळतात ती त्यांची नातवंडं. म्हणून आज जरा भांडायचंच ठरवलं आहे!

मी जन्मभर शाळेत जनरल रजिस्टर लिहिलं आणि दोन जनगणनांत प्रगणक म्हणून दारोदार हिंडले. त्यामुळे रकाना ही काय चीज आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. ज्याला रकाना नाही तो सरकारच्या लेखी नसतोच. शाळा, दवाखाना, घर, नोकरी, सगळं त्या मोजणीवर ठरतं. तेव्हा "कागदावर काय आहे" असं कुणी म्हणू नये. कागदावरच सगळं आहे.

अमेरिकेचंच बघा. तिथल्या जनगणनेत 1850 साली 'मुलॅटो' असा शब्द आला. 1890 मध्ये तर त्यांनी हद्द केली. पाव कृष्णवर्णीय म्हणजे 'क्वाड्रून', एक अष्टमांश म्हणजे 'ऑक्टोरून'! माणसाची अशी शेर-पावशेराची मापं. पुढे 1930 साली ही मापं टाकून दिली आणि नियम केला की कृष्णवर्णीय रक्ताचा अंश असला तरी तो माणूस कृष्णवर्णीयच. गोरी आई किंवा गोरा बाप कागदावरून पुसला गेला. गंमत म्हणजे 1920 ते 1940 च्या तीन जनगणनांत 'हिंदू' हादेखील एक वंश होता. कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शीख शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली होती. ते शीखही सरकारदरबारी 'हिंदू'च! मग त्यांच्या पोरांना काय म्हणायचं?

आणि हे ठरवायचं कोणी? दारात आलेल्या प्रगणकानं, नुसतं तोंडाकडे बघून. 1960 पासून लोक आपला वंश स्वतः लिहू लागले आणि एकाहून जास्त खुणा करायची मुभा मिळायला 2000 साल उजाडलं. त्या वर्षी सुमारे 68 लाख लोकांनी ती वापरली. 2020 मध्ये हा आकडा 3 कोटी 38 लाखांवर गेला, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. ही सगळी काही वीस वर्षांतली नवी बाळं नव्हेत. प्रश्न विचारण्याची आणि उत्तरं नोंदवण्याची पद्धत बदलल्यामुळेही आकडा फुगला आहे. पण त्याचा अर्थ माझ्याच बाजूचा आहे. माणसं होतीच, विचारणारा नीट विचारत नव्हता.

आता कुणी म्हणेल, मग 'मिश्र' असा एक वेगळा रकाना करा आणि मोकळे व्हा. इथेच माझा विरोध आहे. दक्षिण आफ्रिकेत तसा रकाना होता, 'कलर्ड'. 1950 च्या कायद्यानं प्रत्येकाला एकेका वंशाचा शिक्का मारला. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून बघत, पडली तर गोरा, अडकली तर नाही! एकाच घरातल्या माणसांना वेगवेगळे शिक्के बसले, घरं फुटली. तो कायदा रद्द व्हायला 1991 उजाडलं. म्हणजे नुसता रकाना मिळाला म्हणून मान मिळतो असं नाही. खूण कोण करतो, हा खरा प्रश्न आहे. शिवाय 'मिश्र' या एका शब्दात आईही हरवते आणि बापही. इंग्लंडनं 2001 मध्ये मिश्रवंशीयांसाठी चार पोटरकाने दिले, ते त्यातल्या त्यात बरं. त्यापेक्षा लागू असतील तितक्या खुणा करू द्याव्यात. अमेरिकेत 1997 साली नियम ठरताना एकच 'मिश्र' रकाना नाकारून हीच पद्धत स्वीकारली गेली, आणि ते शहाणपणाचं झालं.

सिंगापूरनं 2011 पासून ओळखपत्रावर 'इंडियन-चायनीज' असा जोडवंश लिहू दिला. पूर्वी बहुधा बापाचाच वंश लागायचा. छान! पण सरकारी घरांचा वंशवार कोटा असतो तिथे जोडशब्दातला पहिलाच शब्द धरतात. म्हणजे दुसरा शब्द शोभेचा.

आपण तरी कुठे वेगळे? पळसाला पानं तीनच. आपल्या राज्यघटनेच्या 366 व्या कलमात अँग्लो-इंडियनची व्याख्या आहे, ती आजही वाचून बघा. बाप किंवा बापाकडचा कुणी पूर्वज पुरुष युरोपीय हवा. आई इंग्रज आणि बाप भारतीय असेल तर तेवढ्यानं ते मूल त्यात बसत नाही! या समाजाला लोकसभेत दोन नियुक्त जागा होत्या, आपल्या विधानसभेतही एक. जानेवारी 2020 मध्ये 104 व्या घटनादुरुस्तीनं त्या गेल्या. त्याआधी कायदामंत्र्यांनी संसदेत सांगितलं, 2011 च्या जनगणनेप्रमाणे देशात अँग्लो-इंडियन फक्त 296! समाजानं हा आकडा साफ नाकारला. जागा असाव्यात की नसाव्यात यावर वाद होऊ शकतो. पण असल्या आकड्यावर तो मिटवू नये.

आता विरोधकांचे मुद्दे. एक, फ्रान्ससारखं वंश विचारूच नये. तत्त्व म्हणून सुंदर आहे, पण मोजलंच नाही तर घर नाकारलं, नोकरी नाकारली हे सिद्ध कसं करायचं? दुसरा, दोन खुणा केल्यानं आधीच्या गटांची संख्या घटेल. का घटावी? दोन्हीकडे मोजा. अमेरिका 'फक्त हाच वंश' आणि 'हा वंश, एकटा वा जोडीने' असे दोन आकडे छापतेच की. तिसरा मुद्दा वजनदार आहे: सवलतीसाठी कुणीही काहीही लिहील. ब्राझीलमध्ये विद्यापीठांच्या राखीव जागांसाठी चेहरामोहरा तपासणाऱ्या समित्या बसवाव्या लागल्या. कबूल. पण सवलतीची पडताळणी वेगळी आणि शिरगणती वेगळी. चोराच्या भीतीनं घरच बांधायचं नाही, असं कुणी करतं का?

बापाच्या नावानं मूल मोजायची आपली सवय जुनी आहे. आंतरजातीय विवाहातल्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच सांगितलं, की बापाची जात हेच अंतिम उत्तर नव्हे, मूल कुणाच्यात वाढलं हेही बघा. येत्या 2027 च्या जनगणनेत जात विचारायची असं ठरलं आहे. तेव्हा तरी दारातल्या प्रगणकानं आईकडे बघून एक प्रश्न जादा विचारावा, असं मला फार वाटतं.

ज्यांची नातवंडं बोस्टनला किंवा सिंगापूरला आहेत त्यांनी "माणूस म्हणून जगा" हे सांगण्याआधी त्यांना विचारावं, तू फॉर्मवर काय लिहितोस? आणि का? उत्तर मलाही कळवा. रागावला असाल तरी कळवा!