सांडव्याची जाळी

मंडळी, आज घरातलंच भांडण चव्हाट्यावर मांडतोय. नातेवाईकांनी रागावू नये. ज्याच्याशी भांडलो त्या दादाला आधी विचारलंय. "लिही, नाहीतरी तू माझं ऐकणारेस थोडाच," असं म्हणून त्याने परवानगी दिली आहे!

झालं असं की उन्हाळ्यात गावी गेलो होतो. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गपासून फार लांब नाही. चुलत्यांच्या शेतातून एक ओढा जातो. त्यावर दादाने काही वर्षांपूर्वी मातीचा बांध घातला. मूळ हेतू एवढाच, की विहिरीला पाणी टिकावं. पण पाणी साठलं, पाखरं यायला लागली, आणि दादाच्या डोक्यात कल्पना आली. आता तळ्याकाठी दोन खोल्या आहेत, चुलीवरचं जेवण आहे, पायडलची एक होडी आहे. रविवारी सोलापूरची मंडळी येतात. मला कौतुकच वाटलं. संध्याकाळी मी बांधावर फेरी मारायला गेलो आणि तिथे भांडणाला तोंड फुटलं.

सांडव्याच्या तोंडाला मासे वाहून जाऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावलेली. तिच्यात काटक्या, प्लॅस्टिक, शेवाळ अडकून भिंतच तयार झालेली. सांडव्यावर वाळूच्या गोण्यांचे दोन थर. परतीचा पाऊस संपताना शेवटचं पाणी अडावं म्हणून ठेवलेले, ते तिथेच राहिलेले. बांधाच्या बाहेरच्या उतारावर मनगटाएवढ्या बाभळी. आणि खाली, ओढ्याच्या काठाने, पाच-सहा घरांची वस्ती.

मी म्हटलं, "दादा, हे काढ." दादा म्हणाला, "पाणी सोडून देऊ? आपल्याकडे?"

त्याचं चुकलं असं मला एकदम म्हणता येत नाही. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आपण सगळे टँकर बघत वाढलो. आपल्या भागात सांडव्यावरून पाणी चाललं की माणसाला हळहळच वाटते. पाण्याची भीती आपल्याला कधी कुणी शिकवलीच नाही, शिकवली ती पाणी नसण्याची. पण त्याच जिल्ह्यात २०२५च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात माणसांना पुरातून बाहेर काढावं लागलं. त्याच दिवसांत एका रात्री आमच्या तळ्याचं पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली होतं. काकू आणि दादा रात्रभर बॅटरी घेऊन बांधावर बसून होते. हे मला काकूंनी सांगितलं. दादाने नाही.

मातीच्या बांधाचं गणित साधं आहे. दगडी बांधावरून पाणी गेलं तर तो बहुधा सोसतो. मातीच्या बांधावरून गेलं की पाणी माती कापत जातं, आणि मग थांबवणं कुणाच्या हातात राहत नाही. म्हणून माथ्याच्या बरंच खाली सांडवा काढतात. त्यावर गोण्या रचल्या म्हणजे बांधाची उंची तेवढी आपणच कमी केली. झाडांची मुळं, उंदीर-घुशींची बिळं यांतून पाझराला वाट मिळते. पाझर स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं, गढूळ झाला तर समजायचं की बांधाची माती आतून वाहून चालली आहे.

तिवरे आठवतंय ना? चिपळूण तालुका, २ जुलै २०१९ची रात्र. वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत, जे पुढे आपल्याच परंड्यातून आमदार झाले, म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. महाराष्ट्रभर हसं झालं. पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकडा बिळं करणारच. बिळं बघत फिरण्याचं काम खेकड्याचं नाही, बांध ज्याच्या ताब्यात आहे त्याचं आहे.

तिवरे सरकारी होतं. मौजेसाठी ठेवलेल्या खाजगी धरणाची गोष्ट अमेरिकेतली आहे. पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबने ते १८७९मध्ये मासेमारीसाठी, होड्यांसाठी घेतलं. अँड्र्यू कार्नेगीसुद्धा सभासद! बग्ग्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा काही फूट खाली केला. तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ला पावसात धरण फुटलं. खालच्या जॉन्सटाउन शहरात आणि आसपास २,२०९ माणसं मेली. कोर्टात क्लबवर जबाबदारी ठरली नाही, सगळं देवाच्या माथी गेलं. सांडव्यावरची ती जाळी बघताना मला हेच आठवलं होतं.

आता उलटं उदाहरण, आपल्या अगदी दारातलं. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमाराला, बोरी नदीवर बंधारा बांधला. तोही मौजेचाच म्हणायचा, कारण त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पण तिथे मौज कशाची? सांडव्याची! वरचं धरण भरून वाहू लागलं की बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं. तेच नर आणि मादी धबधबे. महालात उभं राहून ते समोर बघायचं, आणि अंगावर थेंब नाही. बांधणाऱ्याने जादा पाण्याला आधी वाट दिली आणि मग त्या वाटेलाच बघण्यासारखं केलं. चारशे वर्षं झाली, १९९३चा भूकंपही होऊन गेला, बंधारा उभा आहे. आपण लहानपणी किती वेळा भिजत गेलोय तिथे! सांडवा बघायला चाललोय हे मात्र कधी डोक्यात आलं नाही.

दादाचा दुसरा मुद्दा कायद्याचा होता. "माझ्या शेतात माझा बांध, कोण विचारतंय?" खरंय. २०२१चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि काही अटींत बसली तर दहा ते पंधरा मीटरच्याही. अशा धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणं मालकावर बंधनकारक आहे. दादाचा बांध जेमतेम दोन पुरुष उंच. तपासायला कुणी येणार नाही. पण विचारणारं कुणी नाही म्हणजे जबाबदारी नाही, असं होत नाही. इंग्लंडात एका गिरणीवाल्याचा खाजगी तलाव फुटून शेजारच्या कोळशाच्या खाणीत पाणी शिरलं. १८६८मध्ये निकाल लागला: धोक्याची वस्तू स्वतःच्या जमिनीत साठवली आणि ती निसटली, तर नुकसान साठवणाऱ्याने भरायचं. हे तत्त्व आपली न्यायालयंही विचारात घेत आली आहेत. आणि वस्तीवर पाणी गेल्यावर भरपाईचं काय घेऊन बसलात? त्या घरांतली माणसं आपल्याच शेतावर कामाला येतात. बाळंतपणापासून मयतीपर्यंत आपण एकमेकांच्या दारात उभे राहिलोय.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पाणी मौजेसाठी साठवायचं असेल तर होडीच्या तिकिटातला पहिला रुपया सांडव्यावर खर्च व्हावा. जाळी काढा. मासे गेले तर जाऊ द्या, बोटुकली पुन्हा सोडता येते. मृगाच्या आधी गोण्या हलवा. बाभळी लहान असतानाच तोडा. मोठ्या झालेल्यांची मुळं मात्र जाणकाराला विचारूनच काढा, नाहीतर तिथेच भोक पडायचं. एखाद्या निवृत्त पाटबंधारेवाल्याला जेवायला बोलवा आणि जेवणाआधी बांधावरून फिरवा. आणि वस्तीतल्या प्रत्येक घराचा फोन नंबर काकूंच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

भांडण मिटलं का? अर्धं. परवा दादाचा फोन आला. गोण्या काढल्या म्हणाला. जाळीचं विचारलं तर म्हणाला, "बघू." मागून काकूंचा आवाज ऐकू आला, "त्याला सांग, मी काढते म्हणून."

काकू काढतील. त्या रात्री बॅटरी त्यांच्या हातात होती.