साठीनंतर बुद्धी जाते, हे ठरवलं कोणी?

पंचविशीपर्यंत वाढ, मग काही वर्षं पठार आणि साठीनंतर घसरण. माणसाच्या आयुष्याचं हे चित्र आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणताना कोणाला पुरावा द्यावासा वाटत नाही. हे मत मांडणाऱ्यांच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, हे आधी मान्य करतो. वय वाढतं तसा विचारांचा वेग मंदावतो, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं. बुद्धिमापनाच्या जुन्या चाचण्यांतही तरुणांना जास्त आणि म्हाताऱ्यांना कमी गुण पडत.

पण ते गुण मोजले कसे? विशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसांना एकाच वेळी तीच चाचणी द्यायची आणि दोघांतला सगळा फरक वयाच्या नावावर मांडायचा. सत्तरीतल्या माणसाला लहानपणी शाळा किती मिळाली, हे विचारायचंच नाही. अमेरिकेत के. वॉर्नर शाई यांनी १९५६ मध्ये सिएटलला अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासलं. तेव्हा दिसलं की कित्येक बौद्धिक क्षमता मध्यमवयापर्यंत वाढतात, सरासरी उतार बहुधा साठीनंतर लागतो आणि तोही सगळ्यांना सारखा नसतो. पुढे शेरी विलिस आणि शाई यांनी वृद्धांना तासा-तासाचे फक्त पाच पाठ दिले. ज्यांची क्षमता घसरली होती, त्यांच्यातले सुमारे ४० टक्के लोक चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीवर परत आले. बुद्धी कायमची गेलेली असती, तर पाच तासांत ती आली कुठून?

आपल्याकडे हा घोटाळा जास्तच अन्यायाचा ठरतो. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांमध्ये साक्षरतेचं प्रमाण नऊ टक्क्यांहूनही कमी होतं. त्या काळात वाढलेल्या आजीला बसची पाटी वाचता येत नाही, याला तिचं वय जबाबदार कसं? तिला शाळेत कोणी पाठवलंच नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन वर्गात बसल्या, अक्षरं गिरवू लागल्या आणि अंगठ्याच्या जागी सही करू लागल्या.

मग विकास म्हणायचं कशाला? जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांचं उत्तर मला पटतं: विकास जन्मापासून मरणापर्यंत चालतो आणि प्रत्येक वयात काही मिळतं, काही जातं. गमावणं ही म्हातारपणाची मक्तेदारी नव्हेच. कॅनडात जॅनेट वर्कर यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना त्यांतला फरक कळत होता. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती जाण गेली, कारण त्याच काळात त्यांचा कान घरच्या भाषेत मुरत होता. या बाळांना आपण ‘उतरणीला लागली’ म्हणत नाही. मग सत्तरीतल्या माणसाचा वेग कमी झाला आणि पारख वाढली, तर फक्त वेगाचाच हिशेब का धरायचा?

ही समजूत जीवावरही बेतते. आजोबा विसरायला लागले की घरचे ‘वय झालं’ म्हणून गप्प बसतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं यांमुळेही माणूस विसरभोळा वाटू लागतो आणि यांवर उपचार आहेत. तपासणीच झाली नाही, तर ते मिळणार कसे? तेव्हा घरातलं मोठं माणूस अचानक विसरू लागलं, तर आधी त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि त्याने काही शिकायची इच्छा दाखवली, तर शेजारी बसून, घाई न करता शिकवा.