आमच्यानंतर याचे कसे?

सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांच्या मनातला हा प्रश्न सहसा ओठांवर येत नाही. मुलाला कित्येक वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांची आठवण आई ठेवते, डॉक्टरांकडे वडील नेतात, आणि आता दोघांचीही गात्रे थकली आहेत. आपल्या कारंज्यात घरातली गोष्ट बाजारात पोहोचायला वेळ लागत नाही, म्हणून हा भार मुकाट्यानेच वाहिला जातो. वाचकहो, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणाजवळ नाही. परंतु स्वमदत गट ही एक चाललेली, मळलेली वाट आहे.

शिकागो येथे १९३७ साली डॉ. अब्राहम लो यांनी रुग्णालयातून घरी परतलेल्या मनोरुग्णांना एकत्र बसवून स्वतःस सावरण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. पुढे त्या सभा रुग्णच चालवू लागले. आपल्याकडे कॅलगरी विद्यापीठातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाचा अनुभव गाठीशी घेऊन १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. ‘देवराई’ हा चित्रपट पाहिलेल्यांना त्यामागील त्यांचे पाठबळही ठाऊक असेल. या वर्तुळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. मला हे शब्द फार मोलाचे वाटतात. ‘वेडा’ या शब्दाने दार बंद होते, यांनी ते किलकिले तरी होते.

अशा गटात घडते ते अगदी साधे असते. गेला पंधरवडा कसा गेला, हे प्रत्येक जण सांगतो. गोळीने येणारी सुस्ती, हातांचा कंप, लग्नघरातल्या नजरा, यांवर दुसरा शुभार्थी स्वतः योजलेला उपाय सांगतो. तो उपदेश वाटत नाही. आजार उलटण्यापूर्वी आपल्याला काय होते, हे ज्याचे त्याने कागदावर लिहावे: झोप उडणे, अंघोळ टाळणे, शेजाऱ्यांचा संशय येणे. त्याखाली कोणाला कळवायचे, हेही लिहावे. हा कागद मुलाच्या हस्ताक्षरात असणे महत्त्वाचे. शुभंकरांनी येथे अर्धे पाऊल मागे सरावे. हेच सर्वांत कठीण.

गट म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी बंद करू नये, आणि जीव देण्याची भाषा कानी आली तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. नृसिंह सरस्वतींच्या या जन्मगावी दर्शन, पारायण खुशाल चालू राहो. गोळीची वेळ मात्र चुकू नये.

आरंभाला तीन घरे पुरतात. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांना सांगावे, की आपल्यासारखी कुटुंबे भेटली तर त्यांच्या संमतीने आमची गाठ घालून द्या. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. पहिल्या बैठकीत मुलगा गप्प बसला, तरी त्याच्या वतीने आपण बोलू नये.