साथ ओसरल्यावर नव्हे, आधी तपासणी हवी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात 'गुइलेन बॅरे सिंड्रोम' अर्थात 'जीबीएस'चे रुग्ण झपाट्याने वाढले. पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जिवाणू सापडला आणि चर्चा दूषित पाण्याकडे वळली. प्रयोगशाळांचा प्रश्न मात्र मागे पडला.

या जिवाणूच्या आवरणातील काही रेणू मज्जातंतूंवरील रेणूंशी मिळतेजुळते असतात. त्यामुळे त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे रुग्णाच्याच मज्जातंतूंवर हल्ला करतात. परंतु हातापायांतील बळ जाते ते जुलाबानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी. तोवर शौचात जिवाणू सापडेलच, याची खात्री नसते. शिवाय तो नेहमीच्या पद्धतीने वाढत नाही. त्याला सुमारे ५ टक्के प्राणवायू, ४२ अंश सेल्सिअस तापमान आणि खास माध्यम लागते. लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये सहसा ही सोय नसते.

ताथवडे परिसरात गृहसंकुले वाढत असून अनेकांची भिस्त टँकरवर आहे. ताथवड्यातच जैवतंत्रज्ञानाची संस्था आहे, तर पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. जुलाबाच्या निवडक रुग्णांचे आणि त्यांच्या पाण्याचे नमुने वर्षभर तपासण्यासाठी या दोहोंची सांगड घालता येईल. साथ आल्यावर नमुने धाडणे हा शोध झाला. पूर्वसूचना त्याआधीच मिळायला हवी.