घाबरलेल्या मनाचा हिशोब

एखादे वयस्कर ग्राहक मुदत ठेव मोडावयास येतात, सर्व रक्कम तातडीने एका अनोळखी खात्यात पाठवा म्हणतात आणि कारण विचारताच नजर चुकवितात. बंगळुरूतील शाखांना हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. ‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट केले. तरीही या शहरातील उच्चशिक्षित संगणक अभियंतेसुद्धा या जाळ्यात अडकले. लोक त्यांना भोळे ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही.

भीती बुद्धी हिरावून नेत नाही, ती आपले लक्ष व्यापून टाकते. दोन गोष्टी ताडून पाहताना मन ज्या तात्पुरत्या स्मृतीचा आधार घेते, तिच्यात जागा मुळातच थोडी. चिंता नेमकी तेथेच ठाण मांडते. यर्क्स व डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा सोप्या कामात तीव्र ताणाने शिकणे वेगाने झाले, अवघड कामात मात्र मध्यम ताणच उपयोगी पडला. खरेखोटे पारखणे हे अवघड काम आहे. भामट्यास हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते. म्हणूनच तो प्रथम बजावतो, ‘फोन ठेवू नका, कोणाशी बोलू नका.’

आपल्या खिडकीच्या आतही निराळे घडत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा वर्षानुवर्षे बिनचूक रोकड मोजणारे रोखपाल सायंकाळी तफावत शोधत बसत. हात तेच होते. बाहेरची रांग डोक्यात शिरली होती. (तूट खिशातून भरण्याचे दुःख निराळेच!)

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, अशा व्यवहारापूर्वी ग्राहकास आत बसवून, पाणी देऊन दहा मिनिटे बोलण्यात गेलेला वेळ कामाचाच गणला जावा. काही ग्राहक रागावतील, तो राग सोसावा. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पुढे झोप उडते, हातून चुका होतात. त्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. या सेवेच्या उभारणीत आपल्याच शहरातील ‘निम्हान्स’चा मोठा वाटा आहे. तो क्रमांक ग्राहकांइतकाच रोखपालांसाठीही आहे.