घडीचा चाकू : आधी उघडून पाहा, मग पैसे मोजा

काशीच्या शिंदे घाटावर सकाळी उन्हं आली, की पायऱ्यांवर न्याहारीच्या पुरचुंड्या सुटतात. कुणी दशम्या काढतं, कुणी पेरू. त्या दिवशी सातारकडून आलेल्या एका आजींनी पिशवीतून पेरू काढला आणि त्यामागोमाग एक जुना, लाकडी मुठीचा घडीचा चाकू. तो आजोबांचा. आदल्या दिवशी त्यांच्या अस्थी गंगेत सोडून झाल्या होत्या. चाळीस वर्षं हा चाकू आजोबांच्या खिशात होता. शेतातली काकडी, बाजारातून आणलेल्या पुड्याची सुतळी, नातवाची पेन्सिल, सगळ्याला तोच.

आजींच्या अंगठ्याला संधिवात. पात्यावरच्या खाचेत नख घालून ते उघडताना त्यांची दमछाक झाली. पेरूवर जरा जोर दिला, आणि पातं उलट फिरून बोटावर मिटलं. जखम लहान होती, पण रक्त बघून नातू घाबरला.

"आजी, अगं, याची कमान गेलीय. हा आता कापायचा नाही, ठेवून द्यायचा."

"ठेवून कशाला? त्यांच्या मागोमाग गंगेतच सोडते."

"पाण्यात नको. खाली लोक अनवाणी उतरतात. कुणाच्या तरी पायात जाईल."

आजींनी खाली पाहिलं. पाण्यात लहान मुलं उतरत होती. त्यांनी चाकू पदरात गुंडाळला. "मग मला एक नवा घेऊन दे. पण उघडायला सोपा हवा."

घडीचा चाकू घ्यायला निघालेल्या कुणाचीही पहिली अट हीच असते, उघडायला सोपा. ती अट रास्त आहे. मात्र चाकू कसा उघडतो याच्याइतकंच तो उघडल्यावर कशाच्या जोरावर उघडा राहतो, हे समजून घ्यायला हवं. स्वस्तातल्या चाकूत फसगत होते ती इथेच.

उघडा राहतो कशामुळे?

सर्वांत साधा प्रकार म्हणजे नुसता खिळ्यावर फिरणारा चाकू. दोन फळ्यांची मूठ, मधे पातं आणि आरपार घट्ट ठोकलेला खिळा. पातं जागेवर राहतं ते केवळ घर्षणानं. खिळा सैल झाला की चाकूही सैल. जपानमधला 'हिगोनोकामी' हा शाळकरी मुलांचा प्रसिद्ध चाकू याच जातीचा. त्याच्या पात्याला मागे एक शेपूट असते. कापताना त्या शेपटीवर अंगठा दाबून धरला, की पातं मिटत नाही.

दुसरा प्रकार आजोबांच्या चाकूचा. यात मुठीच्या पाठीला एक पोलादी पट्टी असते. तिला कुणी कमान म्हणतं, कुणी स्प्रिंग. पात्याचं बूड चौकोनी असतं आणि कमान त्या चौकोनाच्या सपाट बाजूवर दाबून बसते. म्हणून पातं एकतर पूर्ण उघडं राहतं, नाहीतर पूर्ण मिटलेलं. उघडताना 'टक्' असा आवाज येतो तो याचाच. पण हे कुलूप नव्हे. पात्याच्या पाठीवर पुरेसा दाब आला की कमान हार खाते आणि पातं मिटतं. १८९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी सैन्यासाठी केलेल्या आणि पुढे जगभर गाजलेल्या लाल चाकूंची लहान पातीही अशाच कमानीवर चालतात. चाकू चांगला असला, तरी त्यानं भोसकायचं किंवा उचकटायचं नसतं, फक्त कापायचं असतं.

तिसरा प्रकार म्हणजे पाठीवरचं कुलूप. इथे पाठीची पट्टी मधोमध तोललेली असते आणि तिचं टोक पात्याच्या बुडातल्या खाचेत जाऊन बसतं. मुठीच्या पाठीवरची जागा अंगठ्यानं दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. मिटवताना बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत, हा याचा मोठा गुण.

चौथ्या प्रकारात मुठीच्या आत बसवलेली पातळ धातूची पट्टी पातं उघडताच बाजूला सरकून त्याच्या बुडाखाली टेकू देते. आजकाल बाजारात दिसणाऱ्या बहुतेक स्वस्त काळ्या चाकूंत हीच रचना असते. उघडायला सोपी, पण मिटवताना ती पट्टी अंगठ्यानं बाजूला सारावी लागते आणि तेवढा वेळ अंगठा पात्याच्या वाटेत असतो. सवय नसेल, तर हा चाकू दोन्ही हातांनी सावकाश मिटवावा.

पाचवा प्रकार फिरत्या कड्याचा. फ्रान्समधल्या ओपिनेल घराण्याचा चाकू १८९० पासूनचा. त्याला १९५५ मध्ये हे कडं आलं. पातं उघडून कडं फिरवलं की मिटायची वाट बंद. रचना इतकी सोपी, की बिघडायला फारसं काही उरतच नाही.

बटणाचा मोह

घाटावरून वर गल्लीत एका दुकानात आजी आणि नातू गेले. अट ऐकून दुकानदारानं पहिल्यांदा काय काढलं असेल? बटणाचा चाकू! बटण दाबलं, आणि खट्! पातं बाहेर.

आजींचा चेहरा उजळला. "अरे, हा तर एका बोटानं उघडतो की!"

"म्हणूनच नको, आजी. पिशवीत हात घालताना बटण दाबलं गेलं तर?"

नातवाचं म्हणणं खरं होतं. बटणाच्या चाकूत ताणलेली स्प्रिंग सतत पात्याला ढकलत असते. तिला अडवून धरतो तो एक छोटा खटका. महाग मालात तो खटका नीट घासलेला असतो आणि वर आडकाठीही असते. स्वस्त मालात तोच खटका लवकर झिजतो. मग चाकू मनाला येईल तेव्हा उघडतो, आणि उघडल्यावर घट्ट राहीलच असंही नाही.

शिवाय कायद्याची बाजू आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली वेगळी. पण बटणाच्या चाकूंवर नजर त्याहून कडक आहे. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनं स्प्रिंगचे, बटणदार आणि गरारीदार चाकू ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद पात्यापासूनच बंधनात आणले. म्हणजे जेमतेम तीन इंच! गरारीदार म्हणजे उघडताना दात्यांवरून कर्र-कर्र वाजत जाणारा. महाराष्ट्रातही पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली सणासुदीला, निवडणुकीच्या काळात मनाई-आदेश निघतात. त्या दिवसांत तर कसलाही चाकू खिशात घेऊन हिंडू नये.

बटणाच्या चाकूचं नाव निघालं, की आपल्याकडे रामपूर आठवतं. उत्तर प्रदेशातल्या या संस्थानी गावात कारागिरांच्या पिढ्या चाकू बनवण्यात गेल्या. हिंदी चित्रपटांनी, विशेषतः १९६५ च्या 'वक्त'मधल्या राजकुमारच्या प्रसंगानं, 'रामपुरी'ला खलनायकाच्या हातातलं हत्यार करून टाकलं. पुढे लांब पात्यांवर बंधनं आली आणि धंदा आटला. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारून गावानं आपल्या कारागिरीची आठवण जपली. कारागिरी आदरानं पाहण्याजोगी आहेच. पण पेरू कापायला रामपुरी लागत नाही.

दुकानातच करायच्या परीक्षा

स्वस्त चाकू वाईटच असतो असं नाही. काही शे रुपयांत वर्षानुवर्षं चालणारा चाकू मिळू शकतो. मात्र पारख गिऱ्हाइकानं करायची. ती पाच मिनिटांत होते.

पहिली परीक्षा मिटलेल्या चाकूची. पात्याचं टोक मुठीत पूर्ण दडलं पाहिजे. मुठीवरून बोट जपून फिरवलं तर टोक किंवा धार कुठेही लागता कामा नये. लागली, तर तो चाकू खिसा फाडणार, नाहीतर हात.

दुसरी परीक्षा डुलण्याची. चाकू उघडून मूठ एका हातात आणि पात्याची पाठ दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरावी आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावं. किंचित लवचीकपणा चालतो, खुळखुळा चालत नाही. मग वर-खाली. कुलूप लागल्यावरही पातं वर-खाली हलत असेल, तर ते कुलूप नीट बसत नाही असं समजावं.

तिसरी परीक्षा कुलपाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. उघड्या चाकूच्या पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवावी आणि मिटायच्या दिशेनं हळूहळू दाब द्यावा. मूठ तळव्यात अशी धरावी, की पातं मिटलंच तर त्याच्या वाटेत एकही बोट नसेल. आपटायची गरज नाही. एवढ्याशा दाबानं जे कुलूप सुटतं, ते घरी सुटणारच.

चौथी परीक्षा सांध्याची. खिळा ठोकलेला असेल, तर सैल झाल्यावर तो पुन्हा ठोकून घ्यावा लागतो. स्क्रू असेल, तर घरीच आवळता येतो. स्वस्त चाकूत स्क्रू असणं ही म्हणूनच जमेची बाजू.

पाचवी गोष्ट पोलादाची. पुष्कळजण चुंबक लावून पाहतात आणि चिकटलं की 'हे स्टेनलेस नाही' म्हणून चाकू परत ठेवतात. हा समज उलटा आहे. ताट-वाट्यांच्या स्टेनलेसला चुंबक सहसा चिकटत नाही, कारण ते वेगळ्या जातीचं असतं आणि ते तापवून-विझवून कडक करता येत नाही. धार टिकायला लागणारा कडकपणा ज्या स्टेनलेसला देता येतो, त्याला चुंबक चिकटतं. म्हणजे चाकूच्या पात्याला चुंबक चिकटलंच पाहिजे. पात्यावर ४२० किंवा ३सीआर१३ असा आकडा असेल, तर पोलाद मऊसर आहे. धार लवकर लागते, लवकर जाते, पण गंज सहसा धरत नाही. ८सीआर१३एमओव्ही असेल, तर धार जास्त टिकते. आकडे कुणीही उमटवू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावं. साधं कार्बन पोलाद धारेला उत्तम, पण लिंबू-कैरीनं काळं पडतं आणि ओलं राहिलं की गंजतं.

आजींनी कोणता घेतला?

आजींच्या अंगठ्याला खाचेत नख घालणं जमत नव्हतं. बटण बाद झालं. कड्याचा चाकू आवडला, पण कडं फिरवताना बोटं दुखली. शेवटी पाठीवरच्या कुलपाचा, पात्याला मोठं भोक असलेला एक चाकू निघाला. भोकात बोटाचं पेर टेकवून पातं सहज उघडत होतं. मिटवायला मात्र पाठीची पट्टी दाबावी लागायची आणि ती दगडासारखी घट्ट होती.

आजींनी तो परत दिला. नातवानं त्याच डब्यातला दुसरा मागितला. तो सैल निघाला, डुलत होता. दुकानदार जरा कुरकुरला. तिसरा काढला. त्याची पट्टी मऊ, पण कुलूप पक्कं. फळीवर दाबून पाहिला, हलला नाही.

एकाच कंपनीचा, एकाच डब्यातला, एकाच किमतीचा माल, आणि तिन्ही चाकूंची तीन तऱ्हा. महाग चाकूत कारखाना ही निवड करून देतो. स्वस्त चाकूत ती गिऱ्हाइकाला करावी लागते. म्हणून नाव बघून नव्हे, तो नेमका नग हातात घेऊन, दहा वेळा उघडून-मिटवून मगच पैसे मोजावेत. ज्याच्या हातात तो राहणार, त्याच्याच हातानं उघडून पाहावा. नातवाला सोपा वाटलेला चाकू आजीला सोपा असेलच असं नाही.

आणि कुठलाच जमला नाही, तर घडीचाच हवा असा हट्ट धरू नये. म्यानाचा छोटा फळं कापायचा चाकू मिटतच नाही, त्यामुळे बोटावर मिटण्याची भीतीही नाही.

जपणूक आणि प्रवास

फळ कापून झालं की चाकू पुसून, कोरडा करून मगच मिटवावा. महिन्याकाठी सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. जास्तीचं पुसून टाकावं. खोबरेल तेल काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरतं. कुलपाच्या खाचेत साचलेला मळ काडीनं काढावा, कारण मळ साचला की कुलूप अर्धवट बसतं. बोथट चाकूला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की हात निसटतो. म्हणून धार वेळच्या वेळी लावावी. लहान मुलांच्या हाती चाकू द्यायचा, तर आधी मिटवायला शिकवावं, मग उघडायला.

विमानात चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही. तो मोठ्या सामानात गुंडाळून द्यावा. काशी विश्वनाथाच्या दर्शनाला जाताना कडक तपासणी असते, तेव्हा चाकू मुक्कामाच्या खोलीवरच ठेवून निघावं.

संध्याकाळी आजी आणि नातू पुन्हा घाटावर आले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला हा घाट इतका भारी झाला, की त्याच्या वजनानं खालची जमीनच खचली, असं सांगतात. पायथ्याचं रत्नेश्वराचं देऊळ कललेलं आहे, पण उभं आहे.

आजींनी नव्या चाकूनं दुसरा पेरू कापला. चार फोडी झाल्या. एक नातवाला, एक शेजारच्या अनोळखी बाईला, एक स्वतःला. चौथी तशीच पानावर राहिली.

"आजी, ही कुणाला?"

"असू दे," आजी म्हणाल्या. मग पदरातला जुना चाकू काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवला. "गावी गेल्यावर शिकलगाराकडे ने. कमान बसवता येते का विचार."

"बसली, तर तू वापरशील?"

"मी नाही. तू पेन्सिली कर."