केंडाच्या शेपटीला पाच लिरा

तुर्कस्तानच्या सरकारने 2020 मध्ये मच्छीमारांसाठी एक योजना आणली: केंड मासा पकडा, त्याची शेपटी जमा करा आणि शेपटीमागे पाच लिरा घेऊन जा. हा केंड मूळचा भूमध्य समुद्रातला नव्हे. तो लाल समुद्रातून सुएझ कालव्यावाटे आला, 2003 मध्ये तुर्कस्तानच्या गोकोवा आखातात पहिल्यांदा सापडला आणि काही वर्षांतच पूर्व भूमध्यात सगळीकडे दिसू लागला. चोचीसारख्या दातांनी तो जाळी फाडतो, गळाला लागलेले मासे वर येईपर्यंत अर्धे खाऊन टाकतो, आणि त्याच्या अंगातले टेट्रोडोटॉक्सिन हे विष शिजवूनही जात नाही. ज्यांचे पोट त्या जाळ्यांवर आहे त्यांना पैसे मिळालेच पाहिजेत. पण परका मासा शत्रू ठरवून त्याच्या शेपट्या मोजत बसलो, तर तो इथे का फोफावला हा प्रश्न बाजूला पडतो. त्याचे उत्तर माशात कमी आणि माणसाने समुद्राचे जे केले त्यात जास्त आहे.

मुळात दार आपण उघडले. 17 नोव्हेंबर 1869 रोजी सुएझ कालवा सुरू झाला तेव्हा त्यात एकही झडप नव्हती, आजही नाही. पनामा कालव्यात मधले गोड्या पाण्याचे गाटून सरोवर बहुतेक सागरी जीवांना अडवते. सुएझमध्ये ते काम वाटेतल्या कडू सरोवरांचे अतिखारट पाणी करत असे. सरोवरांच्या तळाचे मीठ विरघळत गेले तसा तो अडसर ढिला पडला. पुढे आस्वानच्या मोठ्या धरणाने नाईलच्या पुराचे गोडे पाणी रोखले आणि कालव्याच्या तोंडाशी असलेला दुसरा अडसरही गेला. तरी केवळ दार उघडे असून भागत नाही. विषारी काट्यांचा लायनफिश 1991 मध्ये इस्रायलच्या किनाऱ्यावर एकदा सापडला होता. त्यानंतर जवळपास दोन दशके त्याचा मागमूस नव्हता. 2012 मध्ये तो लेबनॉनजवळ पुन्हा दिसला आणि बघता बघता सायप्रसच्या खडकांवर त्याने ठाण मांडले. उष्ण पाण्यातल्या माशाला नव्या मुलखात अडवते ती तिथली हिवाळ्याची थंडी. भूमध्य समुद्र तर जगातील महासागरांच्या सरासरीपेक्षा वेगाने तापतो आहे. लायनफिशच्या या दुसऱ्या, यशस्वी फेरीमागे तापलेले पाणी हे मोठे कारण असल्याचे अभ्यासक मानतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती समजायला आपलाच अरबी समुद्र उपयोगी पडतो. केंडाच्या जाती इथे परक्या नाहीत, पिढ्यान् पिढ्या इथल्याच आहेत. तरीही केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर भूमध्यातल्या केंडाच्या एका भाऊबंदाची संख्या अचानक वाढली. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये त्याचा संबंध सकला, म्हणजे कोबिया, या त्याला खाणाऱ्या मोठ्या माशाच्या घटीशी जोडला. केंडाने फाडलेली जाळी मालवणच्या मच्छीमारांनाही नवी नाहीत. इथे कालवा नव्हता, घुसखोरही नव्हता. खाणारे तोंड तेवढे कमी झाले होते. भूमध्यातही गोबऱ्याच्या जातीचे मोठे शिकारी मासे दशकानुदशके बेसुमार पकडले गेले. पाहुण्यांना रिकामे घर मिळाले.

यावर एक आक्षेप घेतला जातो: समुद्र नेहमीच बदलत आला आहे, नवे मासे खायला मिळत असतील तर बिघडले काय? 1924 पासून भूमध्यात असलेला रॅबिटफिश आज सायप्रस आणि लेबनॉनच्या बाजारात चांगला खपतो, हे खरेच आहे. पण याच माशांनी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरची शैवालाची रानेच्या राने खरवडून खडक उघडे पाडले. त्या रानांत वाढणारी इतर माशांची पिल्ले कुठल्या बाजाराच्या हिशेबात धरायची?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूळचे जीव उष्णतेने मरणारच असतील, तर त्यांची जागा घेणाऱ्यांना हाकलून काय साधणार? इस्रायलच्या किनाऱ्यावरील शंख-शिंपल्यांचा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचून मन सुन्न होते. पूर्वी नोंदलेल्या मूळ जातींपैकी उथळ वाळूत 12 टक्के आणि उथळ खडकांवर अवघ्या 5 टक्के उरल्या होत्या. अभ्यासकांनी बोट ठेवले ते प्रामुख्याने वाढत्या तापमानावर. त्या पट्ट्यात पाहुण्यांनाच जगू द्यावे, हे म्हणणे मी मान्य करतो. मात्र खोल, थंड पाण्यातली स्थिती इतकी वाईट आढळली नाही, आणि पश्चिम भूमध्य अजून या थराला गेलेला नाही. जिथे मूळचे जीव तग धरून आहेत तिथेही हात वर करायचे, हे या आकडेवारीतून निघत नाही.

मग दार निदान ओढून घेता येते. कडू सरोवरांत पुन्हा खारटपणाचा अडसर उभारण्याची सूचना शास्त्रज्ञांनी केली आहे. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांतून उरणारे अतिखारट पाणी त्यासाठी वापरता येईल. 2015 मध्ये कालवा रुंद करण्यापूर्वी शेकडो शास्त्रज्ञांनी पर्यावरणीय परिणाम तपासण्याची मागणी केली होती. ती ऐकली गेली असती तर हे तेव्हाच विचारात घेता आले असते. लायनफिश खाण्याची मोहीमही चांगली आहे, कारण काटे काढले की त्याचे मांस निर्धोक असते. पण त्याचा धंदा जमला की तो मासा समुद्रात टिकावा असेच विक्रेत्याला वाटू लागेल, हे धोरण आखणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे पूर्वी मलबारपुरती मानली जाणारी तारली गुजरातपर्यंत पोहोचली आहे. पाणी इथेही तापते आहे. ते थांबवणे एकट्या महाराष्ट्राच्या हाती नाही. मोठे मासे मोठे होऊ देणे मात्र आहे. राज्याने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. ससून डॉकपासून मालवणपर्यंत प्रत्येक बंदरावर उतरणारा माल त्या मापाने रोज तपासला जायला हवा, आणि त्यासाठी लागणारी माणसे सरकारने याच हंगामात नेमावीत.